घरासह स्थलांतर

बांध कोरणे हा मराठवाड्यातील फार जुना आणि दिवाणी न्यायालयांच्या दप्तरांना अखंड खाद्य पुरविणारा उद्योग आहे. कंधार घ्या, मुखेड घ्या, अहमदपूर वा औसा घ्या. शेजारी लबाड निघाला की तो दर पेरणीला नांगराचे एक तास बांधाच्या पोटात अधिक घालतो, सुटलेली ढेकळे बांधाच्या पलीकडच्या अंगाला सारतो, आणि त्या वर्षी ते कोणाच्या नजरेस येत नाही, पुढल्या वर्षीही येत नाही. मात्र दहा-बारा पावसाळे उलटल्यावर मोजणीची साखळी पडते तेव्हा असे आढळते की बांधाची रुंदी तीच आहे, उंची तीच आहे, त्यावरचा कुंदाही तोच आहे, फक्त सबंध बांध आपल्या जागेवरून हात-दीड हात सरकलेला आहे. तो सरकताना कोणी पाहिलेला नसतो. कोणी त्याला ढकललेलेही नसते. इकडून कोरणे आणि तिकडून भर घालणे एवढ्या दोनच कृतींनी मातीचा तो स्थावर ढिगारा जंगम होऊन बसतो.

आमच्या भाऊजींनी तलाठी म्हणून अशा मोजण्यांना उभे राहण्यात हयात घालविली. निवृत्तीनंतर ते नातीला घेऊन लातूरला दंतवैद्याकडे गेले तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो. नात अकरावीत होती. दहावी होताच नांदेड, हिंगोली, परभणी, बीड अशा चहूकडून मुले लातुरात शिकवण्यांसाठी येऊन राहतात, तशीच तीही एका वसतिगृहात राहत होती. तिचा वरचा उजवा सुळा रांगेत जागा न मिळाल्यामुळे हिरडीवर उंच चढून बसला होता, आणि त्याच्यासाठी जागा व्हावी म्हणून शेजारची दाढ महिन्यापूर्वी काढलेली होती. डॉक्टरबाईंनी दातांवर चिकटविलेल्या ब्रॅकेटांतून एक तार ओवली. ती तार शिवणाच्या दोऱ्याहून थोडीच जाड असेल. भाऊजींनी चष्मा वर करून ती न्याहाळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास लपेना.

‘‘मॅडम, जरा कसून आवळा की. मे महिन्यात परीक्षा आहे लेकराची, तोवर उरकून तरी जाईल.’’

‘‘काका, कसून आवळलं तर उलट उशीर होईल.’’

भाऊजी गप्प राहिले, परंतु त्यांचे समाधान झाले नाही हे उघड दिसत होते. आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. जोर वाढविला असता काम लांबते, हा हिशोब व्यवहारातल्या कोणत्याच अनुभवाशी जुळत नाही. गाडी चिखलात रुतली तर आणखी चार माणसे लावतात. खुंटी निघेना तर मोठा हातोडा आणतात. मग दाताच्याच बाबतीत हा उलटा न्याय का, याचा शोध घेऊ लागल्यावर प्रथम ध्यानात येते ते हे की दात ही खुंटी नव्हेच.

जबड्याच्या हाडात दात ठोकून बसविलेला आहे अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते, आणि ती चुकीची आहे. सागवानी तुळईत खिळा असतो त्याप्रमाणे दाताचे मूळ हाडाला भिडलेले नसते. मूळ आणि त्याची खोबण यांच्यामध्ये सर्व बाजूंनी सुमारे पाव मिलिमीटरची फट असते, आणि त्या फटीत अत्यंत चिवट अशा तंतूंची एक दाट विण असते. तिला परिदंत बंध म्हणतात. या तंतूंची एक टोके मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात रुतलेली असतात आणि दुसरी समोरच्या हाडात, म्हणजे दात हा खोबणीत उभा नसून टांगलेला आहे. आपल्याकडच्या बाजेवर माणूस लाकडी चौकटीवर निजत नाही, चौकटीला ताणलेल्या सुंभावर निजतो. दातही तसाच तंतूंच्या बाजेवर आयुष्य काढतो. या विणीच्या अवकाशांत रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, निरनिराळ्या कसबाच्या पेशी आहेत आणि उरलेल्या जागेत ऊतींचा द्रव भरलेला आहे. पुढील साऱ्या हकिकतीचे मर्म या पाव मिलिमीटरच्या पट्टीत आहे.

मांजराकाठच्या ऊसपट्ट्यातला एखादा वृद्ध शेतकरी पन्नास वर्षे दातांनी ऊस सोलत आलेला असतो. कठीण पदार्थ चावताना दाढांवर पन्नास किलोपर्यंतचा भार येऊ शकतो, असे असूनही त्याचे दात जागचे हलत नाहीत. आणि त्याच घरातील एखादे पोर अंगठा चोखण्याची सवय सोडीत नाही तर त्याचे पुढचे दात दोन-चार वर्षांत बाहेर येतात, वास्तविक त्या कोवळ्या अंगठ्याचा दाब किलोच्या हिशोबात धरण्याजोगाही नसतो. या विसंगतीचे उत्तर मुदतीत आहे. चावण्याचा एकेक घाव सेकंदभरही टिकत नाही, आणि तेवढ्या अवधीत फटीतल्या द्रवाला बाहेर पडण्यास सवड मिळत नसल्याने तो दाबला न जाता भार जसाच्या तसा हाडावर सोपवून मोकळा होतो. हाड क्षणभर किंचित लवते आणि पूर्ववत होते. उलट दाब थोडा, पण सतत असला, तर एक-दोन सेकंदांत द्रव बाजूला सरतो, दात विणीत एका अंगाला कलतो, एका बाजूचे तंतू दबतात आणि दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. जीभ, ओठ आणि गाल हे स्नायू विश्रांतीच्या स्थितीत दातांना जो अहोरात्र हलकासा स्पर्श करीत असतात त्याने रांगेचा आकार ठरतो, भाकरी चावण्याने ठरत नाही. दिवसातून निदान सहा तास तरी बल लागू असल्याखेरीज दात सरकण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही, असा या शास्त्रातील सर्वसाधारण अनुभव आहे.

रोमन ग्रंथकार सेल्सस याने जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, दुधाचा दात न पडताच नवा दात वाकडा उगवला तर दुधाचा दात काढून नव्याला रोज बोटाने जागेकडे लोटत राहावे, असा सल्ला लिहून ठेवला आहे. सल्ला सयुक्तिक होता. बोट रोज किती तास टेकवून ठेवावे हे मात्र त्याने सांगितले नाही, आणि सहा तास बोट टेकविण्याची चिकाटी कोणत्या मातेपाशी असणार? आपल्या आयुर्वेदीय ग्रंथांत वेड्यावाकड्या, विकट दातांना ‘कराल’ अशी भेदक संज्ञा आहे. पॅरिसचा दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दातांच्या कमानीला दोऱ्यांनी बांधावयाची धातूची पट्टी वर्णिली. म्हणजे दात सरकविता येतो हे ज्ञान पुरातन आहे. तो सरकतो म्हणजे आत नेमके काय घडते, हे मात्र विसावे शतक उजाडेपर्यंत कोणी उघडून पाहिले नव्हते.

ते पाहिले कार्ल सँडस्टेड नावाच्या एका स्वीडिश दंतवैद्याने. त्याने एका कुत्र्याच्या वरच्या पुढील दातांना तारेची कमान बसविली, ती स्क्रूने थोडी थोडी ओढीत तीन आठवडे दात मागे आणले, आणि नंतर जबड्याचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. १९०४-०५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखांत जे चित्र आहे ते भाऊजींना दाखविले असते तर त्यांनी ते क्षणात ओळखले असते: दात ज्या दिशेला चालला होता त्या बाजूचे हाड कोरले गेले होते, आणि ज्या बाजूने तो निघून आला होता तेथे नव्या हाडाची भर पडली होती. मागे पडलेल्या रिकाम्या जागेत तंतूंच्या ओढीच्याच दिशेने नव्या हाडाची टोके उभी राहिली होती.

हे कोरणे तारेचे नाही. तार कोरू शकत नाही, कारण ती हाडापर्यंत पोहोचतच नाही. ती दाताच्या बाहेरील पृष्ठाला टेकलेली असते. महसुली भाषेत बोलायचे तर तार हा केवळ अर्ज आहे. त्यावर शेरा मारणे, हुकूम काढणे आणि त्याची तामिली करणे हे सर्व शरीराच्या आतल्या कचेरीत चालते. दबलेल्या बाजूस काही मिनिटांत रक्तप्रवाह मंदावतो, प्राणवायूचे प्रमाण बदलते, ताणलेल्या व चेपलेल्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिनसारखी संदेशवाहक द्रव्ये स्रवतात, काही तासांत पेशींच्या अंतर्गत रसायनात फरक पडतो, आणि सुमारे दोन दिवसांनी प्रत्यक्ष कोरणाऱ्या पेशी कामावर हजर होतात. यांना अस्थिभंजक पेशी म्हणतात. त्या त्या जागच्या रहिवासी नव्हेत. त्यांचे मूळ रक्तातील पांढऱ्या पेशींच्या कुळात असते. पुष्कळ लहान पेशी एकत्र येऊन अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी घडते, ती हाडाला जळवेसारखी घट्ट चिकटते, कडेने जागा बंद करून घेते आणि आतल्या बंदिस्त जागेत आम्ल सोडून हाडाचा चुना विरघळविते. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जशा परजिल्ह्यातून येतात, फड तोडतात आणि निघून जातात, तशी यांची रीत. भर घालणाऱ्या अस्थिजनक पेशी मात्र स्थानिक, गावच्या गवंड्यांप्रमाणे तेथेच घडलेल्या असतात.

टोळी येण्यासाठी मुकादमाने आगाऊ उचल द्यावी लागते हे ऊसपट्ट्यात कोणालाही सांगावे लागत नाही. शरीरातही अशी उचल आहे. अस्थिजनक व त्यांच्या जातकुळीतील इतर पेशी आरएएनके-लिगँड या नावाचे एक प्रथिन पुढे करतात, अपक्व अस्थिभंजक पेशी ते आपल्या पृष्ठावरील ग्राहकात स्वीकारतात, आणि मगच पक्व होऊन कामाला लागतात. याच्या जोडीला ऑस्टिओप्रोटेगेरिन नावाचे दुसरे प्रथिन असते. ते हीच उचल मधल्यामध्ये गिळंकृत करते, त्यामुळे टोळी येतच नाही. ही दोन्ही द्रव्ये १९९७-९८ च्या सुमारास उजेडात आली. दबलेल्या बाजूला पहिल्याचे पारडे जड होते, ताणलेल्या बाजूला दुसऱ्याचे. त्याआधी चार दशके विजेची कल्पना चलनात होती: १९५७ साली फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी हाड वाकविले असता त्यात सूक्ष्म विद्युत्प्रभार निर्माण होतो हे दाखविले होते, आणि दात सरकण्याचे रहस्य हेच असावे असे अनेकांना वाटले. तो प्रभार क्षणात नाहीसा होतो आणि तारेचा दाब तर आठवडेच्या आठवडे टिकतो, एवढी एक अडचण त्या सुंदर कल्पनेला पुरून उरली.

आता भाऊजींच्या प्रश्नाकडे वळू. सँडस्टेडच्या काचपट्ट्यांवर आणखी एक गोष्ट होती. जेथे दाब फार झाला होता तेथे परिदंत बंधाचा काही भाग पेशींविना, काचेसारखा एकजिनसी, निर्जीव दिसत होता. रक्तवाहिन्या पार चेपल्या गेल्याने तेथील पेशी काही तासांतच मेल्या होत्या. ज्या वाटेने टोळी यायची ती वाटच बंद झाल्यावर कोरण्याचे काम होणार कसे? अशा वेळी शरीर लांबची वाट धरते. शेजारच्या हाडातील मज्जेच्या पोकळ्यांमधून, म्हणजे भिंतीच्या मागल्या बाजूने, अस्थिभंजक पेशी तयार होतात आणि बोगदा खणल्यासारखे पाठीमागून कोरीत पुढे येतात. या कामाला सात ते चौदा दिवस लागतात, तोपर्यंत दात तिळभरही हलत नाही, दुखतो मात्र भरपूर. आणि शेवटी भिंत पोखरून झाली की एकदम उडी मारल्यासारखा सरकतो. कसून आवळणाऱ्याचा वेळ असा जातो. तुंबलेल्या कामाला वरिष्ठांचा तगादा लावला असता कारकून फाईलच गहाळ करतो, हा सरकारी अनुभव जमेस धरला तर गोष्ट तितकी विपरीत वाटणार नाही.

मग योग्य जोर किती? १९३२ साली श्वार्ट्झ याने त्याला आकडा दिला: मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला वीस ते सव्वीस ग्रॅम. हा आकडा त्याने हवेतून काढला नव्हता. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब साधारण तेवढाच असतो, आणि बाहेरचा दाब त्याच्या वर गेला की रक्त थांबते. पुढच्या दाताला नुसते कलवायचे असेल तर पस्तीस ते साठ ग्रॅम पुरतात. दहा रुपयांची पाच ते सात नाणी तळहातावर ठेवावीत, एवढे ते वजन. मुळासकट सरळ उचलून न्यायचे तर याच्या दुप्पट लागते, कारण तेव्हा दाब मुळाच्या सबंध अंगावर पसरतो. दात हिरडीत खाली दाबायचा असेल तर दहा-वीस ग्रॅमच, कारण सगळा भार मुळाच्या टोकावर येतो. एवढ्याशा जोरावर सुळा महिन्याला सुमारे एक मिलिमीटर मार्गक्रमण करतो. हाताचे नख त्याच अवधीत याच्या तिप्पट वाढते.

‘दात हाडातून सरकतो’ असे आपण सहज बोलून जातो, पण मला हे शब्द नीट वाटत नाहीत. लोण्यातून सुरी जाते तसा दात हाडातून जात नाही. समोरची भिंत कोरली जाते, मागची भिंत पुढे येते, बाहेरची कवटही आपल्या परीने मागोमाग येते, आणि पाव मिलिमीटरची ती फट प्रवासाच्या आरंभी जेवढी होती तेवढीच शेवटी राहते. दात बिऱ्हाड बदलत नाही. त्याचे घरच त्याच्याबरोबर चालत जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि १९८२ साली लातूर उस्मानाबादपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. त्या दोन्ही वेळी लोक आपल्या जागी राहिले व सरहद्दी तेवढ्या हलल्या. दाताच्या बाबतीत रयत आणि सरहद्द दोन्ही एकदम हलतात, ही त्याची विशेषता.

या घराची मालकी कोणाकडे आहे हेही तपासण्याजोगे आहे. खोबणीचे हाड जबड्याच्या मूळ हाडासारखे कायमचे नाही. ते दातासाठी आणि दातामुळे आहे. दात काढला की काही महिन्यांत ते विरू लागते, आणि सर्व दात गेलेल्या म्हाताऱ्यांचा जबडा बसका दिसतो तो त्यामुळे. जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ याने १८९२ मध्ये असा सिद्धांत मांडला होता की हाडाची घडण त्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे बदलत राहते. खोबणीचे हाड याचा जागता दाखला आहे, मात्र येथे भार हाडापर्यंत पोहोचतो तो परिदंत बंधामार्फत. मध्यस्थ गेला की व्यवहार संपला. लहानपणी पडून मार बसलेला एखादा दात कधी कधी हाडाशी एकजीव होतो, मधली विण नाहीशी होते. अशा दाताला वर्षभर तार लावली तरी तो जागचा हलत नाही, उलट शेजारचे दातच त्याच्याकडे ओढले जातात. टायटॅनियमचे कृत्रिम मूळ बसविले तर तेही हलत नाही, कारण ते हाडाला थेट भिडलेले असते. आता या हट्टीपणाचाच उपयोग करून घेतात: जबड्यात छोटा स्क्रू बसवायचा आणि त्याला टेका मानून दात ओढायचे. एरवी न्यूटनच्या नियमाप्रमाणे सुळा मागे ओढताना मागची दाढही पुढे येऊ पाहते, आणि या रस्सीखेचीत जिंकायचे कोणी याचा बंदोबस्त करण्यातच दंतवैद्याचे निम्मे कौशल्य खर्ची पडते.

तारेची कथा थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या पर्सी रेमंड बेग याने पोलादाच्या बारीक, लवचीक तारांनी हलका जोर लावण्याची पद्धत रूढ केली, आणि भारतातील दंत महाविद्यालयांत दीर्घकाळ तीच शिकविली जात होती. १९६५ साली या शाखेच्या भारतीय तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी स्थापन झाली. तेव्हा असे उपचार मिळायचे ते मुंबईसारख्या शहरांत. आज लातूरला एमआयडीएसआर आणि नांदेडला नांदेड ग्रामीण दंत महाविद्यालय अशी महाविद्यालये असून तालुक्यातली मुलेही तेथे दातांना तारा लावून घेतात. पोलादी तारेचा दोष असा की दात थोडा सरकताच तिचा जोर ओसरतो आणि पुन्हा आवळावी लागते, आणि आवळली की प्रथम जोर प्रमाणाबाहेर होतो. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर याने १९६० च्या आसपास निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू हाताळला तो वेगळ्याच कामासाठी. १९७० नंतर आयोवाच्या जॉर्ज अँड्रियासेन याने तो दातांच्या तारेसाठी आणला. डॉक्टरबाईंनी त्या दिवशी भाऊजींच्या खातरजमेसाठी एक गंमत केली. त्यांनी तशीच दुसरी एक तार घेतली, बोटांनी वेडीवाकडी चुरगाळली, आणि टेबलावर नुकत्याच आलेल्या चहाच्या कपात बुडविली. गरम चहात ती तार जिवंत असल्यासारखी वळली आणि पुन्हा कमानीच्या आकाराची झाली. तोंडाच्या उबेतही ती हेच करू पाहते, आणि दात पुष्कळ सरकेपर्यंत तिचा जोर जवळजवळ सारखाच राहतो. भाऊजींनी ती तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली. चहा मात्र कोणी प्यायला नाही.

नातीला त्या रात्री विशेष दुखले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ज्वारीची भाकर चावेना, तेव्हा ती वरणात कुस्करून खावी लागली. दुखणे चोवीस तासांच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि तीन-चार दिवसांत ओसरते. वसतिगृहातल्या कोणा मैत्रिणीने आयबुप्रोफेनची गोळी देऊ केली होती, ती डॉक्टरबाईंनी फोनवर वर्ज्य सांगितली आणि पॅरासिटामोल घ्यायला सांगितले; कारण आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच थांबविते, आणि प्रोस्टाग्लँडिन हा तर अर्जावरचा पहिला शेरा. एखाददुसऱ्या गोळीने फारसे बिघडत नाही, पण महिनोन्महिने घेणाऱ्याचे दात मंद गतीने हलतात. या भागातील आणखी एक अडचण पाण्याची आहे. नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण दर लिटरला दीड मिलिग्रॅम या अनुज्ञेय मर्यादेहून अधिक आहे, आणि तेथल्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग उमटतात. ब्रॅकेट चिकटविण्यापूर्वी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करावा लागतो. फ्लोराइडने कठीण झालेले हे दात आम्लाला दाद देत नाहीत, त्यामुळे ब्रॅकेट वारंवार निखळतात आणि पालक सरसकट डॉक्टरला बोल लावतात.

हाडाप्रमाणे मूळही कोरले जात नाही का, ही शंका रास्त आहे. जाते, पण बहुधा अल्प. मुळावरच्या सिमेंटमला अस्थिभंजक पेशी सहसा शिवत नाहीत, आणि बारीकसे खड्डे पडले तरी ते पुन्हा भरून निघतात. बहुतेकांच्या मुळांची टोके किंचित आखूड होतात, काही थोड्यांची अधिक, आणि त्यात पुन्हा अतिरिक्त जोराचा वाटा असतो. बाहेरची कवटही मागोमाग येते खरी, परंतु तिला मर्यादा आहे. दात हाडाच्या हद्दीपलीकडे रेटला तर ती कवट पातळ होत होत फुटते आणि हिरडी खाली उतरते, म्हणून आधी एक्स-रे काढून हद्द पाहून घ्यावी लागते.

सुळा रांगेत यायला अठरा महिने लागले. मधल्या काळात मेची परीक्षा आली आणि गेली. तारा काढल्या त्या दिवशी नात आरशात पाहून हसली, आणि डॉक्टरबाईंनी लगेच दोन गोष्टी तिच्या स्वाधीन केल्या: रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर, आणि तो ठेवायची डबी. खोबणीचे हाड स्थिरस्थावर व्हायला महिने लागतात, परिदंत बंधाची विण तीन-चार महिन्यांत नव्याने बसते, परंतु हिरडीतले लवचीक तंतू सर्वांत चिवट. नॉर्वेच्या रायटान याने वळविलेल्या दातांच्या अभ्यासात ते २३२ दिवसांनंतरही ताणलेलेच पाहिले होते. घर दाताबरोबर चालत आले तरी हे तंतू जुन्या पत्त्याची आठवण धरून बसतात. नातीने परीक्षेच्या गडबडीत तीन आठवडे रिटेनर घातला नाही, आणि चौथ्या आठवड्यात घालू गेली तो बसेना.

तेव्हा पुन्हा लातूरची खेप झाली. डॉक्टरबाईंनी या वेळी खालच्या सहा दातांच्या मागल्या बाजूला, जिभेकडे, एक पिळाची बारीक तार कायमची चिकटवून टाकली. भाऊजींनी मोबाइलची बॅटरी लावून नातीच्या तोंडात डोकावून पाहिले.

‘‘म्हणजे खुणेचा दगड रोवला म्हणा,’’ ते म्हणाले.

डॉक्टरबाई शहरातल्या, त्यांनी खुणेचा दगड कधी पाहिला नव्हता. भाऊजींनी त्यांना तो काय असतो, मोजणीनंतर कसा रोवतात आणि शेजारी तो रातोरात कसा उपटून नेतो, हे पाऊण तास समजावून सांगितले. बाहेर पुढचा पेशंट ताटकळत बसला होता.